अमेरिकेत 'थंडा' मागताना : जळगाव-धुळे-नंदुरबारहून नव्याने आलेल्यांसाठी

एसएसएन (इथला सरकारी ओळख क्रमांक) कसा काढायचा, बँकेत खातं कुठे उघडायचं, लायसन्सची टेस्ट कशी द्यायची हे सगळं तुम्हाला दहा जण सांगतील, म्हणून ते मी सोडून देतो. हे आहे रोजच्या खाण्यापिण्यातलं, वाटतं किरकोळ, पण पहिल्याच आठवड्यात गाठ पडते.

आपल्याकडे पाव्हणा आला की पोराला पिटाळायचं, जा रे दोन थंडे आण. मग तो थम्सअप आणो, लिम्का आणो, नंदुरबार-नवापूरकडचे असाल तर सुरतेचा सोस्यो आणो, सगळं थंड्यातच जमा. अन् सोडा म्हटलं की तो वेगळा, गोटीवाला नाहीतर लिंबू-मीठ मारलेला, जेवण जड झालं की प्यायचा. इथे नेमका हाच शब्द गंडवतो भो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बॉस्टन, तिकडे कॅलिफोर्निया, इथे सोडा म्हणजे कोक, पेप्सी, स्प्राइट, फँटा, जे जे गोड अन् फसफसणारं ते सगळं. साध्या सोड्याला सोडा म्हणतच नाहीत.

हे कळलं नाही की काय होतं ते सांगतो. आमच्या इथल्या एका पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने काहीतरी घेऊन यायचं अशा जेवणाला, यादीत एका नव्या पोराच्या नावापुढे 'सोडा' लिहिलेलं होतं. पोरगा गुणी, अमळनेरकडचा, दुकानात जाऊन चांगले दोन क्रेट साध्या सेल्ट्झरचे, म्हणजे बिनसाखरेच्या गॅसच्या पाण्याचे, उचलून आणले, वर लिंबं पण आणली. लहान पोरांनी एकेक घोट घेतला अन् तोंडं वाकडी करून कॅन तसेच टेबलावर ठेवले. मोठ्यांनी मात्र लिंबू पिळून सगळे संपवले, ते सोडा :) तर यादीत सोडा आला की दोन लिटरच्या गोड बाटल्या न्यायच्या, एक काळी अन् एक पांढरी, विषय संपला.

आता शिकागो, डेट्रॉइट, मिनेसोटा, ओहायो, किंवा पार पश्चिमेला सिॲटल या बाजूला नोकरी लागली असेल तर तिथे सोडा नाही, 'पॉप'. बाटलीचं बूच उडताना जो आवाज व्हायचा त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. अन् दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, टेक्सासचा बराच भाग, तिथे जुनी माणसं सगळ्यालाच 'कोक' म्हणतात. कोका-कोला 1886 मध्ये जॉर्जियातल्या अटलांटातच जन्मली, त्यामुळे तिकडे त्या नावाचा पगडा आहे. कोणाच्या घरी गेलात अन् त्यांनी विचारलं कोक घेणार का, तुम्ही हो म्हणालात, की पुढचा प्रश्न येतो, कुठला? गोंधळू नका, स्प्राइट हवी तर स्प्राइट सांगायची. खरं तर डॉक्टर पेपर नावाचं थंडं कोका-कोलाच्या एक वर्ष आधी, 1885 ला टेक्सासच्या वेको गावात निघालं, पण त्याचं नाव काही सगळ्या पेयांना चिकटलं नाही.

या सगळ्याच्या हद्दी पण गमतीच्या आहेत. पिट्सबर्ग अन् फिलाडेल्फिया एकाच राज्यात, पण पिट्सबर्गला पॉप आणि फिलाडेल्फियाला सोडा. शिकागोला पॉप, तिथून मिलवॉकी दीडशे किलोमीटर पण नाही, म्हणजे जळगाव-नंदुरबारपेक्षा कमीच, अन् तिथे सोडा. सेंट लुईस पण असंच, आजूबाजूला सगळं पॉप अन् मधेच हे सोडा म्हणणारं बेट. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा, यावल-रावेरची लेवा बोली अन् शिरपूर-शिंदखेड्याची अहिराणी यांच्यात तरी किती अंतर आहे. चुकीचा शब्द वापरला म्हणून कोणी हसत नाही, फार तर 'तू इथला नाहीस' एवढं कळतं, जे तुमच्या उच्चारावरून आधीच कळलेलं असतं. काहीच आठवलं नाही तर 'सॉफ्ट ड्रिंक' म्हणा, सगळीकडे चालतं. नुसतं कोल्ड्रिंक म्हटलं तर समोरच्याला वाटतं काहीतरी गार हवंय, तो आईस कॉफी पण दाखवेल.

बाकी, रूट बीअरमध्ये दारू नसते. नाव ऐकून घरचे व्हिडिओ कॉलवर घाबरतात, पण ते पोरांचं पेय आहे, फक्त चव अशी की गुडघ्याला लावायचा बाम कोणीतरी साखरेत कालवलाय. उलट 'हार्ड' लिहिलेलं काहीही, हार्ड सेल्ट्झर, हार्ड लेमोनेड, त्यात दारू असते, अन् कॅन दिसायला साध्यासारखाच रंगीत असतो. माळकरी आईवडील येणार असतील तर फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी लेबल वाचा. साधं लेमोनेड म्हणजे आपलं लिंबू सरबतच, फेस नाही. टॉनिक म्हणजे अशक्तपणाचं औषध पण नव्हे अन् सोडा पण नव्हे, त्यात क्विनाइन असतं, कडू लागतं. बॉस्टनकडची म्हातारी माणसं मात्र गोड थंड्यालाच टॉनिक म्हणायची. अन् दक्षिणेत हॉटेलात नुसता 'टी' मागितला तर बर्फ घातलेला गोड चहा समोर येतो. आपल्यासारख्या चहाबाजांना हा धक्का मोठा, तेव्हा 'हॉट टी' म्हणायचं, अन् तरी आपल्यासारखा मिळेल ही आशा ठेवायची नाही.

हॉटेलात ग्लास गळ्यापर्यंत बर्फाने भरतात, 'नो आईस' सांगा. बऱ्याच ठिकाणी रिफिल फुकट असतं, म्हणून सर्वात छोटा ग्लास घ्या. पण फुकट आहे म्हणून पीत बसू नका, कोकच्या एका साध्या 355 मिलीच्या कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते, अन् इथे आपण चालत कुठे जातो.

मिशिगन अन् ओरेगॉनमध्ये प्रत्येक कॅनवर 10 सेंट डिपॉझिट लागतं, न्यूयॉर्कला 5. गावाकडे काचेची बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार सोडायचा नाही, तसंच. रिकामे कॅन चेपू नका, ते परत घेणाऱ्या मशीनला बारकोड वाचता यायला हवा. मशीन बहुतेक दुकानाच्या दाराशीच असतं, चिठ्ठी निघते ती काउंटरवर द्यायची.

अन् आपला सोडा हवाच असेल तर 'क्लब सोडा' किंवा 'सेल्ट्झर' घ्या, फ्लेवर नसलेला. सेल्ट्झर म्हणजे नुसतं गॅस भरलेलं पाणी, क्लब सोड्यात थोडे क्षार घातलेले असतात, मला जिरा सोड्याला तोच बरा वाटतो. इंडियन दुकानातून काळं मीठ अन् जिरं आणा, जिरं भाजून कुटा, लिंबू पिळा. मीठ शेवटी अन् चिमटीनेच टाका, ग्लास अर्धाच भरलेला ठेवा, एकदम टाकलं की सगळं फसफसून ओट्यावर येतं.