अनोळखी शहरात उतरताय? या चुका टाळा

"बघू तिथे गेल्यावर!" निघणाऱ्याच्या तोंडून हे ऐकलं की मी हात जोडतो. तिथे गेल्यावर बघण्याच्या अवस्थेत तुम्ही नसता. दमलेले असता, भूक लागलेली असते आणि बॅग ओढून हात भरून आलेले असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हॉटेलचा पत्ता, नंबर, बुकिंग सगळं फोनमध्येच ठेवणं. मीही तेच केलं होतं. रात्री साडेअकराला स्टेशनाबाहेर आलो तर दिवसभर नकाशा दाखवून फोनने मान टाकलेली. टॅक्सीवाल्याला हॉटेलचं नाव सांगितलं. तो हळहळला. "ते तर परवाच बंद झालं साहेब, पाइप फुटलेत." विश्वास बसेना तर स्वतःच्या फोनवरून 'हॉटेलला' फोन लावून माझ्या कानाला लावला. पलीकडचा आवाज इतका अदबीचा, की मीच त्याला थँक्यू म्हणालो! मग त्याच्या 'ओळखीच्या' हॉटेलात दुप्पट पैसे मोजून झोपलो. सकाळी चालत माझ्या हॉटेलवर गेलो. दार उघडं, पाइप धडधाकट. काउंटरवरचा म्हणाला, "रात्री तुमची वाट बघत होतो." न आल्याबद्दल एका रात्रीचं भाडं त्यांनीही कापलं होतं.

ही युक्ती जुनी आहे आणि गावोगावी चालते. 'हॉटेल बंद आहे' म्हणणाऱ्याच्या फोनवर कधीही बोलू नका. बुकिंगवरचा नंबर स्वतः लावा, नाहीतर "बंद का असेना, तिथेच सोडा" म्हणा.

तेव्हापासून शर्टाच्या खिशात चिठ्ठी असते: हॉटेलचं नाव, नंबर आणि पत्ता, तोही तिथल्या लिपीत, कारण समोरच्याला रोमन अक्षरं वाचता येतीलच असं नाही. नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून घेतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे अजून कित्येकांच्या गावी नसतं. पॉवर बँक मात्र विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

रात्री उतरणारं स्वस्त तिकीट ही दुसरी हौस. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. मी उजेडातच उतरतो, मग लोक मला उधळ्या म्हणोत.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळे पैसे आणि दोन्ही कार्डं एकाच पाकिटात नकोत. एटीएम बँकेच्या आतलं, तेही बँक उघडी असताना. कार्ड अडकलं तर विचारायला माणूस असतो. कुणी अंगावर काही सांडून पुसायला धावला, तर थांबू नका, डाग नंतर धुता येतो. साध्या वेशातला 'पोलीस' रस्त्यात पाकीट तपासायला मागू लागला तर "चौकीत चला, तिथे दाखवतो" म्हणा. नकाशा बघायचाय? फुटपाथच्या कडेला नाही, भिंतीला पाठ लावून. गाडीवरून फोन हिसकायला एक सेकंद पुरतो.

आणि आणीबाणीचा नंबर निघण्याआधीच बघून ठेवा. भारतात आणि युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११. मी तो त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहितो, जाड पेनाने, कारण रात्री चष्मा हमखास बॅगेत असतो.