ब्लॉगची लिंक पाठवण्याआधी आणि पाठवताना

लेख चांगला असूनही लिंक कुणी उघडत नाही, तेव्हा दोष बरेचदा लिंकमध्येच असतो. म्हणून सुरुवात तिथून करा.

समजा, गणपतीच्या तोंडावर तुम्ही उकडीच्या मोदकांवर लेख लिहिलाय. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवलात, तर कॉपी-पेस्ट करताना प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘उकडीचे-मोदक’ एवढ्याच तुकड्याची ९१! टक्क्याच्या खुणांची ती लांबलचक माळ बघून लोकांना फसवणुकीची लिंक वाटते. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा ठेवा. गूगलच्या ‘ब्लॉगर’ या ब्लॉग-सेवेवर तर मराठी शीर्षकातून पत्ता तयारच होत नाही, नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं येतं. तिथे ‘कस्टम पर्मालिंक’ (स्वतः ठरवलेला पत्ता) निवडून तो स्वतः लिहा, आणि तेही प्रसिद्ध करण्याआधी. नंतर पत्ता बदलला, तर आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात.

मग लिंकसोबत दिसणारं चित्र. १२०० बाय ६३० पिक्सेल, शक्यतो ३०० केबीच्या आत. फाइल जड झाली की व्हॉट्सॲपवर बरेचदा चित्र येतच नाही. कधी कधी तिथे फक्त मधला चौकोन दिसतो, म्हणून मोदक मधोमध हवा. कडेला लिहिलेलं शीर्षक कापलं जातं. चित्र नंतर बदललं तरी फेसबुक जुनंच दाखवत राहतं. त्यांच्या ‘शेअरिंग डीबगर’ या लिंक तपासायच्या पानावर लिंक टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबा.

व्हॉट्सॲपवर लिंक पेस्ट केल्यावर चित्र उमटेपर्यंत दोन सेकंद थांबा. घाईत पाठवली तर नुसता पत्ता जातो. सोबत ‘माझा नवीन लेख नक्की वाचा’ असं लिहू नका. त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. लेखातली एक गोष्ट पूर्ण सांगा: ‘उकड गरम असतानाच, हाताला तेल-पाणी लावून मळा, गार झाल्यावर मळली तर पारीला चिरा जातात.’ ज्याची पारी मागच्या वर्षी फाटली होती, तो लिंक उघडणारच. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही, तिथे ती टाकणं फुकट. बायोमध्ये ठेवा किंवा स्टोरीवर लिंक स्टिकर लावा. रीलमध्ये चेहऱ्यापेक्षा पारीला कळ्या पाडणारी बोटं जवळून दाखवा. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) लिंक कितीही लांब असो, एका पोस्टच्या २८० चिन्हांपैकी २३च खाते; मात्र मराठीत काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात, ‘स्त्री’ची सहा होतात. मजकूर त्या हिशेबाने आखूड ठेवा.

फेसबुकच्या दहा ग्रुपांवर एकच मजकूर एका दमात टाकलात, तर तो स्पॅम ठरण्याची भीती असते. त्यापेक्षा कुणी ‘मोदक का फुटतात?’ विचारलं की तिथेच पूर्ण उत्तर द्या आणि ग्रुपच्या नियमांत बसत असेल तरच खाली लिंक जोडा. याला वेळ लागतो, पण असे आलेले वाचक टिकतात.

सणाचा लेख आठ-दहा दिवस आधी टाका, पिठीची खरेदी व्हायच्या आत. हरतालिकेच्या संध्याकाळी तोच पुन्हा, वेगळ्या ओळीसह.

प्रत्येक माध्यमाच्या लिंकला वेगळी यूटीएम खूण जोडा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारा, पत्त्याच्या शेवटी जोडायचा छोटा मजकूर. नाहीतर व्हॉट्सॲपवरून आलेले वाचक ॲनालिटिक्समध्ये (वाचकांच्या मोजणीत) ‘डायरेक्ट’च्या, म्हणजे थेट आलेल्यांच्या ढिगात जातात. खुणेची सगळी इंग्रजी अक्षरं स्मॉल ठेवा. एकदा कॅपिटल, एकदा स्मॉल लिहिलं तर एकाच माध्यमाचे दोन हिशेब होतात.