रात्री डॉक्टरांना फोन लावण्याआधी

सिस्टरांनो, आधी पेशंटजवळ जा. बीपी, पल्स, श्वासाचा दर, एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) आत्ता मोजा. दोन तासांपूर्वीचे आकडे चालत नाहीत. केस पेपर, औषधांचा चार्ट, ॲलर्जी, ताजे रिपोर्ट समोर हवेत. पेन हवंच, आणि ऑर्डर शीटही. फोनवरची ऑर्डर चिठ्ठीवर किंवा तळहातावर उतरवली की ती डॉक्टरांना परत वाचून दाखवायची राहून जाते. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं.

बोलायचा क्रम एसबारचा: आत्ता काय झालंय, मागचं काय, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय. "सर, सर्जिकल वॉर्ड, बेड 12. बीपी 84/50, पल्स 124, तीन तासांत लघवी 30 मिली. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आत रक्तस्राव होत असावा. लगेच बघायला या." नवीन सिस्टर पहिल्या दोन गोष्टी सांगून थांबतात. "बीपी जरा लो वाटतंय" एवढ्यावर झोपेतून उठलेला माणूस काय ठरवणार?

आता परत वाचणं. "हो सर" म्हणजे परत वाचणं नव्हे. ऐका, लिहा, लिहिलेलं वाचून दाखवा, समोरून "बरोबर" येईपर्यंत फोन ठेवू नका. औषध, डोस, मार्ग (तोंडाने की शिरेतून), वेळ, सगळं. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "वन फाइव्ह" म्हणा. डोपामिन की डोब्युटामिन, स्पेलिंग विचारा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे नुसता इंग्रजी यू लिहिला तर तो शून्य दिसतो आणि 8 चे 80 होतात; "युनिट" पूर्ण लिहा. व्हायल (इन्सुलिनची बाटली) मिलीला 40 युनिटची की 100 ची, सिरिंज तिच्याच मापाची. पोटॅशियम क्लोराइड सांगितलं तर किती सलाइनमध्ये, किती वेळात, हे विचारल्याशिवाय हलू नका. ते न मिसळता थेट शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं.

नव्या डॉक्टरांनो, हे तुमचंही काम आहे. घाईत फोन ठेवू नका. सिस्टरने वाचलं नाही तर तुम्हीच म्हणा, "परत वाचा."

डॉक्टर समोर उभे राहून तोंडी ऑर्डर देत असले तरी तेच: "ॲड्रेनालिन 1 मिलीग्रॅम देतेय" असं मोठ्यानं म्हणा, मग द्या.

10 मिनिटांत कोणी आलं नाही तर पुन्हा फोन, मग सीनियर, मग इन्चार्ज. पेशंट कोसळला तर थेट कोड ब्लू, म्हणजे जीव वाचवणाऱ्या टीमला तातडीची हाक. वेळ, नाव, "परत वाचली" हे लिहा, डॉक्टरांची सही घ्या, ड्यूटी संपताना ओव्हर देताना बाकी राहिलेले कॉल सांगा.