संत टेबलावर आणण्याआधी: डीएमची तयारीची यादी

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचे तुम्ही डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारे, असाल आणि रविवारच्या सेशनमध्ये संत आणि त्यांची भक्ती आणायची असेल तर नकाशा काढायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: चमत्कार करतो कोण? संत स्वतः, त्याच्यामागचा देव, की भक्ताची श्रद्धा? जादूगाराची विद्या त्याने शिकून कमावलेली, ती त्याच्या मालकीची. संताकडून मिळतं ते उसनं, आणि उसन्याचा हिशेब ठेवावा लागतो.

तो कसा ठेवायचा यासाठी अशा दोन खेळांची नियमपुस्तकं चाळून घ्या. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत क्लेरिकने, म्हणजे देवाकडून जादू मिळवणाऱ्या पात्राने, आठ तासांची विश्रांती घेतली की स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायचे मोजके वार, परत भरले. देवाला थेट हाक मारायची सोय दहाव्या लेव्हलला मिळते. शंभराच्या फाशावर आपल्या लेव्हलइतका किंवा कमी आकडा पडला तरच देव धावून येतो, आणि एकदा आला की पुढचे ७ दिवस हाक बंद. रूनक्वेस्टच्या २०१८ च्या आवृत्तीत दीक्षा घेतलेला माणूस स्वतःची थोडी पॉवर (पात्राच्या आत्मबळाचा आकडा) कायमची अर्पण करून देवाची जादू वापरायचे रून पॉइंट मिळवतो, आणि खर्चलेले पॉइंट झोपून नाही, पंथाच्या पवित्र दिवशी पूजा करून परत येतात. संतांसाठी मला हीच पद्धत जवळची वाटते, कारण तिच्यामुळे खेळात पंचांग येतं.

म्हणून प्रत्येक संताची पुण्यतिथी आणि पालखीचा मार्ग लिहून ठेवा. पुण्यात नाना पेठेत आणि भवानी पेठेत पालख्यांचा मुक्काम पाहिलेल्या खेळाडूंना समाधी जागेवर राहते आणि पादुका फिरतात हे वेगळं सांगायला नको. पण नियम तुम्ही ठरवायचा: सामर्थ्य समाधीपाशी की पादुकांपाशी? पादुका पळवल्या तर गाव उघडं पडतं का? एवढ्यावरच दोन सेशन निघतात.

ज्ञानोबा-तुकोबांची मात्र कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे लिहायचा कागद, करू नका. कुणाच्या तरी घरी रोज हरिपाठ होत असतो, तिथे किती मार सोसेल याचे हिट पॉइंट मोजणं बरं दिसत नाही. संत नवे रचा, पण कथांची ठेवण आपली घ्या. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा भिंत चालली ती लढाई जिंकायला नव्हे, गर्व उतरवायला. तुमच्या संताने कुणाचा गर्व उतरवला आणि कोणतं मागणं तो कधीच पुरवणार नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.

मग नवस. रूनक्वेस्टमध्ये आधी देऊन मग मागायचं. नवसात आधी मागायचं, फेडायचं नंतर. त्यामुळे मजा जास्त. मेलेल्या सोबत्याला उठवायला २०१४ चे नियम ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा मागतात. हिऱ्याच्या जागी नवस ठेवा. ‘नारळ फोडीन’ एवढ्यावर माणूस उठत नाही हे आधीच बजावा. नवस फिटेपर्यंत तो संत दुसरं मागणं ऐकणार नाही.

प्रत्येक ग्रुपमध्ये नियमावर बोट ठेवणारा एक असतोच, त्याचीही सोय करा. डन्जन्स अँड ड्रॅगन्समधल्या अँटीमॅजिक फील्डमध्ये, म्हणजे जादू बंद पाडणाऱ्या मंत्राच्या घेऱ्यात, क्लेरिकची जादूही मावळते, पण देवाने स्वतः केलेला परिणाम टिकतो. मग संत देव धरायचा की नाही? माझा कल असा: पुण्यतिथीच्या दिवशी, समाधीपाशी, हो, एरवी नाही. हे वहीत लिहूनच ठेवा, ऐन लढाईत वाद घालायला वेळ नसतो.

शीटच्या झेरॉक्स, पेन्सिली, खाणं नेहमीसारखं. जास्तीची असू द्यात ती कोरी कार्डं. कुणी नवस बोललं की काय मागितलं, काय कबूल केलं, कधीपर्यंत, हे त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि कार्ड आपल्याकडे ठेवा. काम झालं की पुढच्या सेशनला नवस नेमका कुणालाच आठवत नाही.