गिअरकेसचं ऑइल दुधाळ निघालं तर सील बदलायच्या आधी आणि नंतर

आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे लावतात त्या इंजिनाच्या) खालच्या गिअरकेसचा (गिअर असतात त्या डब्याचा) ड्रेन स्क्रू काढला आणि ऑइल पांढरट दुधाळ निघालं म्हणजे आत पाणी शिरलंय, त्यात शंका नको. मोटर रात्रभर उभी ठेवून सकाळी स्क्रू जरासा ढिला केला तर कधीकधी आधी नुसतं पाणीच येतं, कारण ते जड, तळाशी जाऊन बसतं. मग काय, लगेच प्रॉपमागचे (पाण्यात फिरणाऱ्या पंख्यामागचे) सील, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी तोंडाच्या कड्या, मागवायचे, बदलायचे, आणि पुढच्या वेळी ऑइल पुन्हा पांढरं! मी हे केलंय एकदा, सुट्टीचा अख्खा दिवस घालवला आणि पाणी येत होतं ड्रेन स्क्रूच्या चपट्या झालेल्या वॉशरमधून. म्हणून खालचा ड्रेनचा आणि वरचा, दोन्ही स्क्रूचे वॉशर आधी बदला, आणि मग प्रेशर टेस्ट.

ऑइल पूर्ण काढा, स्क्रूच्या एका भोकात प्रेशर टेस्टरची (काट्याच्या मीटरवाल्या हातपंपाची) नळी बसवा, दुसरं बंद करा आणि हातपंपाने 10 पीएसआयच्या आसपास हवा भरा. मोठ्या कॉम्प्रेसरने भसकन हवा सोडू नका, चांगला सीलही उलटायचा. काटा दहा मिनिटं हलला नाही पाहिजे. मधेमधे प्रॉपशाफ्ट हाताने फिरवा, गिअरचा रॉड थोडा हलवा, कारण काही गळती शाफ्ट फिरला तरच दिसते. साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे येतील तिथे चोर. प्रॉपशाफ्टपाशी काहीच नाही पण काटा उतरतोय, तर संशय वरच्या ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाकडून खाली येणाऱ्या शाफ्टच्या) सीलवर किंवा गिअर रॉडच्या सीलवर. ते वॉटर पंपाच्या बाजूला लपलेले असतात, त्यासाठी लोअर युनिट (गिअरकेससकट खालचा अख्खा भाग) उतरवावंच लागतं.

आता प्रॉपशाफ्टचं बघू, तिथेच जास्त वेळा गळतं. प्लगच्या वायरी काढून ठेवा, प्रॉप फिरवताना इंजिन चालू झालं तर बोटं जातील. प्रॉप काढला की मागे बघा, तंगूस गुंडाळलेली असेल तर सीलचं लिप (शाफ्टला घासणारी रबरी कड) तिनेच कापलंय. वॉशर कुठला कसा होता त्याचा फोटो काढून ठेवा. मग बेअरिंग कॅरियर, म्हणजे प्रॉपशाफ्टचं बेअरिंग आणि सील धरणारा भाग. खाऱ्या पाण्यातल्या मोटरचा कॅरियर सहज निघत नाही, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा, हट्टच केला तर बाहेरचं हाउसिंग थोडं गरम करा. आत शिम (पातळ चकत्या) निघाले तर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा, ते हुकले की गिअर आवाज करणार.

जुने सील काढण्याआधी त्यांची तोंडं कुठे होती ते नीट बघा, इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. बहुतेक ठिकाणी दोन सील पाठीला पाठ लावून असतात, आतला ऑइल अडवतो, बाहेरचा पाणी. स्प्रिंगवाली बाजू ज्याला अडवायचंय त्याच्याकडे. पण काही मॉडेलात वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या मोटरचं मॅन्युअल सांगेल तेच खरं.

नवे सील घालण्याआधी शाफ्टवर सील घासायचा त्या जागी नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीये, मग सील कितीही भारी घ्या, गळणारच. पातळ रिपेअर स्लीव्ह मिळते ती बसवा नाहीतर शाफ्ट बदला. सील ठोकायला त्याच्या बाहेरच्या कडेवर बरोबर बसेल असा सॉकेट घ्या आणि सरळ, हळू ठोका, वाकडा गेला की गेला. दोन सीलच्या मधे आणि लिपवर मरीन ग्रीस भरा. कॅरियर परत सरकवताना शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळा, नाहीतर नवं लिप तिथेच फाटतं. कॅरियरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) नवीनच, ग्रीस लावून. जुनी "अजून चालेल" वाटते, चालत नाही.

लोअर युनिट उतरवलंच असेल तर इम्पेलर (वॉटर पंपातलं रबरी पात्यांचं चक्र) पण बदलून टाका, पुन्हा कोण खोलणार. फक्त पंपाचं हाउसिंग खाली बसवताना ड्राइव्हशाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा म्हणजे पाती बरोबर वळतात.

ऑइल भरायच्या आधी परत प्रेशर टेस्ट, कंटाळा आला तरी. काटा थांबला तर खालच्या भोकातून मरीन गिअर ऑइल पंपाने भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मगच पंप काढून खालचा पटकन. वरून ओतलं तर आत हवा अडकते. प्रॉपच्या नटाला कॉटर पिन नवी घाला. पहिल्या दोनतीन तास चालवल्यानंतर मोटर रात्रभर उभी ठेवा आणि खालचा स्क्रू किंचित ढिला करून दोन थेंब बघा, स्वच्छ असले तर झालं काम.