निधी उभारणीचा कार्यक्रम करताय? या चुका टाळा

"चांगल्या कामासाठीच तर आहे, कोण कशाला अडवेल?" निधीच्या कार्यक्रमाच्या पहिल्याच बैठकीत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. अडवत कुणी नाही, हे खरं. पण त्यामुळेच विचारायचे प्रश्नही राहून जातात.

27 सप्टेंबर 1986 रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात युनायटेड वे या संस्थेने निधीसाठी सुमारे 15 लाख फुगे एकाच वेळी आकाशात सोडले. पाऊस येतोय हे दिसत होतं, म्हणून ठरलेल्या वेळेच्या आधीच सोडले. थंड हवा आणि पावसाने ते भराभर खाली आले. विमानतळाची धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली. ईरी सरोवरात दोन मच्छीमार बेपत्ता होते आणि पाण्यावर फुग्यांचा असा खच पडला, की शोधपथकाला माणसाचं डोकं कुठलं आणि फुगा कुठला हे कळेना. दोघांचेही मृतदेहच हाती लागले. पुढे कोर्टात दावे झाले आणि खर्च इतका वाढला, की कार्यक्रम तोट्यात गेला.

यातली खरी चूक फुग्यांच्या आकड्यात शोधू नका. हवा बिघडल्यावर आयोजकांनी घाई केली, कार्यक्रम थांबवला नाही. तुमच्या कार्यक्रमात "बंद करा" म्हणायचा अधिकार कुणाला, हे आधीच एका माणसाच्या नावाने लिहून ठेवा. समितीवर सोपवलंत तर ऐन वेळी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शिवाय हा माणूस सूत्रसंचालक नको आणि मुख्य देणगीदाराचा नातेवाईक तर अजिबात नको.

पैसे कशासाठी, हे मोघम ठेवणं

एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी म्हणून पैसे गोळा केले आणि गरजेपेक्षा जास्त जमले. किंवा शस्त्रक्रियाच झाली नाही. आता उरलेल्या पैशांचं काय? अनेक देशांत कायदा असं मानतो, की ज्या हेतूने पैसे मागितले त्या हेतूलाच ते बांधलेले असतात. आयोजकांनी आपसांत ठरवून दुसरीकडे वळवता येत नाहीत. उपाय एका ओळीचा आहे, पण ती ओळ पहिल्या पोस्टरवर हवी: रक्कम उरल्यास किंवा काम न झाल्यास ती अमुक कामासाठी वापरली जाईल. पैसे जमल्यावर सुचलेल्या ओळीचा उपयोग नाही. दुसऱ्या संस्थेसाठी गोळा करत असाल, तर तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरण्याआधी तिची लेखी संमती घ्या.

बक्षिसाची सोडत म्हणजे नुसती गंमत, असं समजणं

तिकिटाला पैसे, निकाल नशिबावर आणि जिंकणाऱ्याला बक्षीस. हे तीन एकत्र आले, की बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत ती लॉटरी होते, मग तुम्ही तिला काहीही म्हणा. कुठे परवाना लागतो, कुठे ती सरळ निषिद्धच असते. चौकशीत अडचण दिसली, तर नशीब काढून टाका आणि कौशल्याची स्पर्धा किंवा लिलाव ठेवा. लिलावात मात्र एक मेख आहे. घेणाऱ्याला वस्तू मिळते, त्यामुळे बऱ्याच देशांत त्याने दिलेली पूर्ण रक्कम करसवलतीसाठी देणगी धरली जात नाही. तशी पावती फाडण्याआधी हिशेबनिसाला विचारा.

रोख रक्कम एकाच्या हाती सोडणं

पेटी सीलबंद हवी आणि उघडताना व मोजताना दोघे हवेत, शक्यतो एकमेकांच्या नात्यातले नसलेले. मंडपवाला दारात उभा आहे म्हणून पेटीतूनच त्याचे पैसे चुकते करण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं केलंत, की एकूण किती जमले हे पुन्हा कुणालाच सिद्ध करता येत नाही. आधी सगळं जमा दाखवा, मग खर्च टाका. चुकलेली पावती फाडून फेकू नका. दोन्ही प्रतींवर काट मारून त्या पुस्तकातच राहू द्या. रक्कम कमी भरली तर खिशातून भर घालून आकडा जुळवू नका, तूट तशीच लिहा आणि दोघांनी सह्या करा. क्यूआर कोड लावला असेल तर दर थोड्या वेळाने स्वतः स्कॅन करून खातेदाराचं नाव वाचा, कारण वरून दुसरा स्टिकर चिकटवायला क्षणभर पुरतो.

जाणकार आहेत म्हणून निर्धास्त राहणं

2014 मध्ये आइस बकेट चॅलेंजची, म्हणजे अंगावर बर्फाचं पाणी ओतून घेत निधी गोळा करायच्या मोहिमेची लाट होती, तेव्हा अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या कॅम्पबेल्सव्हिलमध्ये अग्निशमन दलाच्या जवानांनी शिडीवरून विद्यार्थ्यांवर पाणी ओतलं. नंतर ती शिडी उच्च दाबाच्या वीजतारेच्या फार जवळ गेली आणि चार जवान जखमी झाले. त्यांतला एक पुढे दगावला. धोका ओळखणं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांची ही गत. म्हणून जागेची पाहणी करताना मान वर करूनही बघा.

जमिनीवरच्या गोष्टी साध्या असतात आणि नेमक्या त्याच राहतात. जास्तीच्या खुर्च्या आणि नोंदणीचं टेबल हमखास बाहेर पडायच्या वाटेवरच येतं. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेलीच ठेवून तिच्यावर मोठा भार टाकला, तर ती आतल्या आत तापते, म्हणून पूर्ण उलगडा. जनरेटर आत किंवा खिडकीलगत नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिजवलेलं अन्न गरम ठेवायचं तर 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवा. दोन तासांहून जास्त वेळ कोमट राहिलेलं पुन्हा गरम करून वाढू नका, कारण काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही.

कार्यक्रम रद्द झालाच, तर तिकिटाचे पैसे "देणगीत जमा" असं परस्पर जाहीर करू नका. परत हवेत की देणगी समजायची हे प्रत्येकाला विचारा, उत्तराला मुदत द्या आणि आलेली उत्तरं हिशेबाच्या फायलीत लावून ठेवा.