स्वतंत्र चित्रपट निर्माता होण्याची वाट

निर्माता म्हणजे पैसे घालणारा माणूस, हा समज स्वतंत्र चित्रपटाच्या बाबतीत बहुधा खोटा ठरतो. इथला निर्माता दुसऱ्यांचे पैसे, दुसऱ्यांची कथा आणि दुसऱ्यांचा वेळ एकत्र आणतो आणि त्या सर्वांना उत्तर देण्यास बांधील राहतो. म्हणून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्याने भांडवलाची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी हिशेब आणि करार शिकून घ्यावेत.

हिशेब शिकण्याची खरी जागा म्हणजे दुसऱ्याच्या चित्रपटाचा प्रॉडक्शन विभाग. प्रॉडक्शन असिस्टंट, मग प्रॉडक्शन मॅनेजर आणि पुढे लाइन प्रोड्यूसर (चित्रीकरणाचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणारा) अशा पायऱ्या चढताना पटकथेचे ब्रेकडाऊन हाताखालून जाते. पानाचे आठ भाग धरून प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली जाते, त्याला लागणारे कलाकार, जागा, वाहने आणि सामान वेगळे काढले जाते आणि त्यावरून शेड्यूल व बजेट उभे राहते. लेखकाने ‘रात्री पावसात गर्दी धावत सुटते’ एवढेच लिहिलेले असते; निर्मात्याला मात्र त्यात पाण्याचे टँकर, ज्युनिअर आर्टिस्ट, कपड्यांचे जादा संच आणि रात्रपाळीचा भत्ता दिसायला हवा. ही नजर चित्रपटशाळेत सहसा येत नाही.

त्यानंतर स्वतःच्या जबाबदारीवर एखाद-दुसरा लघुपट करावा. लघुपटातून पैसे फारसे सुटत नाहीत, पण ज्याच्यासोबत पुढची काही वर्षे काढता येतील असा दिग्दर्शक त्यातूनच पारखता येतो.

पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळताना पहिला खर्च हक्कांवर करावा. कादंबरी किंवा पटकथा लगेच विकत घेण्याची गरज नसते. ऑप्शन करार करून थोड्या रकमेत, साधारणपणे वर्ष-दीड वर्षासाठी, ती विकत घेण्याचा एकमेव अधिकार राखून ठेवता येतो. मुदतवाढीची अट आणि खरेदीची किंमत त्याच वेळी लिहून घ्यावी, कारण चित्रपट आकार घेऊ लागला की किंमत वाढवण्याचा मोह कोणालाही होतो. लेखक, सहलेखक, संगीतकार या प्रत्येकाकडून हक्क लेखी आले आहेत, हे कागदोपत्री दाखवता आले नाही, तर वितरक तयार चित्रपटालाही हात लावत नाही. तोंडी मैत्रीवर चाललेले काम नेमके इथेच अडते.

पैसा बहुतेकदा तुकड्यातुकड्यांनी येतो: अनुदान, खासगी गुंतवणूक, सहनिर्मिती, चित्रपट बनण्याआधीच आगाऊ विकलेले वितरणाचे हक्क. न बनलेल्या चित्रपटांचे निर्माते आणि भांडवल देणारे यांची गाठ घालून देणारे बाजारही आहेत. नेदरलँड्समधील रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा सिनेमार्ट 1983 मध्ये सुरू झाला, तर त्याच महोत्सवाचा हुबर्ट बाल्स फंड 1988 पासून मदत देतो. तिथे जाताना पटकथेसोबत बजेट, वित्त आराखडा आणि दिग्दर्शकाचे टिपण तयार असावे. बजेटमध्ये आकस्मिक खर्चासाठी सुमारे 10 टक्के रक्कम ठेवण्याची रीत आहे. गुंतवणूकदाराला खूश करण्यासाठी ती कापू नये.

परताव्याचा क्रम करारात वाचल्याशिवाय सही करू नये. उत्पन्नातून आधी विक्री एजंटचे (चित्रपटाचे हक्क वितरकांना विकून देणाऱ्याचे) कमिशन व खर्च, मग कर्जे, मग गुंतवणूकदारांची मुद्दल, अशी वाटणी सर्वसाधारणपणे होते आणि निव्वळ नफ्यातील वाटा शेवटी येतो. तो कित्येकदा येतच नाही. त्यामुळे निर्मात्याने आपले मानधन बजेटातच धरावे. पैसे कमी पडले की ते पुढे ढकलण्याची सूचना सर्वांत आधी त्यालाच केली जाते, आणि दर वेळी ती मान्य करणारा निर्माता दुसऱ्या चित्रपटापर्यंत टिकत नाही.

एकाच चित्रपटावर विसंबणेही परवडत नाही, कारण विकसनालाच अनेकदा काही वर्षे जातात. एक प्रकल्प वित्त शोधत असताना दुसऱ्याची पटकथा लिहून व्हावी आणि तिसऱ्याच्या हक्कांची बोलणी चालू असावी. मधल्या काळात लाइन प्रोड्यूसरची कामे घेण्यात कमीपणा मानू नये. प्रदर्शित झालेला चित्रपटही लक्ष मागत राहतो: विक्रीचे हिशेब ठरल्या मुदतीत मागवावेत आणि ते तपासण्याचा अधिकार मूळ करारातच लिहून घेतलेला असावा.